रंगाआधी उतार : साताऱ्यातल्या आमच्या पिकलबॉल कोर्टाच्या कामाचा अनुभव

पिकलबॉल म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या बॅटनं भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा खेळ. आमच्या सोसायटीचं त्याचं कोर्ट तयार झालं त्याच आठवड्यात शेजारच्या सोसायट्यांमधून विचारणा सुरू झाली. "मॅडम, एजन्सी कशी आहे? देऊ का काम?" मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. उघड्यावरच्या कोर्टानं एक पावसाळा काढल्याशिवाय त्याच्याबद्दल बरं-वाईट काही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारीत निळा-हिरवा कोरा रंग बघून कुणीही पाच तारे देईल. आता जून ते सप्टेंबर अख्खा पाऊस त्याच्यावरून गेलाय, दसरा झालाय, म्हणून लिहिते आहे.

काम पुण्याच्या एका एजन्सीनं केलं. नाव देत नाही, कारण कुठल्याही एजन्सीकडून काय काय करून घ्यायचं हे वाचणाऱ्याला जास्त उपयोगी पडेल. निकाल आधीच सांगते. रंगकाम उत्तम. सिव्हिल काम चांगलं. नकाशा आणि कोटेशन कच्चं. काम संपल्यानंतरची सेवा ढिली. आणि तरीही मी त्यांना पुन्हा काम देईन, पण माझ्या अटींवर.

मी निवृत्त होईपर्यंत पॉलिटेक्निकला सर्व्हेइंग शिकवलं आणि सध्या सोसायटीची खजिनदार आहे. त्यामुळे पैसे आणि पातळी, दोन्हींवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न आला तो म्हणजे हा अमेरिकन खेळ आपल्याला कशाला. खेळ अमेरिकेतलाच आहे. १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी तो घरच्या बॅडमिंटन कोर्टावर सुरू केला. पण भारतात तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी, आणि ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन २००८ पासून आहे. म्हणजे खेळ इथे रुजवण्यात मराठी माणसाचाच हात आहे. हे सांगितल्यावर सभेतला सूर बदलला, हे मला आवडलं. सत्तरीतले आमचे दोन सभासद आज रोज सकाळी कोर्टावर असतात.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा होता. आपल्याकडे जुनं बॅडमिंटन कोर्ट आहेच, त्यावरच रेघा मारल्या तर? खेळ बॅडमिंटन कोर्टावर जन्मल्यामुळे माप खरंच तेच आहे, २० फूट बाय ४४ फूट, आणि ते एकेरीला आणि दुहेरीलाही तेवढंच. एका एजन्सीनं तर आम्हाला हेच कोटेशन दिलं होतं : जुन्या काँक्रीटवर रंग, चार दिवसांत काम, दोन लाखांत मोकळे. स्वस्त वाटतं. पण बॅडमिंटनचं फूल जमिनीला टेकलं की खेळ संपतो, आणि पिकलबॉलमध्ये चेंडू टप्पा घेऊन मागे जातो, खेळाडू त्याच्यामागे धावतो. रेघेच्या बाहेर मोकळी जागा नसेल तर माणूस सरळ कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळेल. म्हणून रेघा ८८० चौरस फुटांच्या आत मावत असल्या तरी एकूण जागा कमीत कमी ३० बाय ६० लागते आणि ३४ बाय ६४ असेल तर उत्तम. आमचं जुनं काँक्रीट रेघांच्या बाहेर जेमतेम दोन फूट होतं, वर मधोमध आडवी भेग. त्याचा विषय तिथेच संपवला आणि ३४ बाय ६४ ची नवी जागा ठरवली.

आणखी एका एजन्सीनं डांबराचं कोटेशन दिलं होतं. डांबरी पायावर चांगली कोर्टं होतात, अमेरिकेत भरपूर आहेत. पण त्यासाठी पेव्हर, म्हणजे डांबर एकसारखं पसरणारं मशीन लागतं, आणि एवढ्याशा एका कोर्टासाठी साताऱ्यात पेव्हर कोण आणणार? हातानं पसरलेल्या डांबरावर पातळी मिळत नाही. काँक्रीटच करायचं ठरलं.

आता ज्यांना काम दिलं त्यांच्याबद्दल. त्यांचा पहिला नकाशा आला तेव्हा कोर्ट पूर्व-पश्चिम मांडलेलं होतं, कारण गेटपासून तसं सोयीचं पडत होतं. आमच्याकडे सूर्य यवतेश्वरच्या डोंगरामागे मावळतो. संध्याकाळी पाचला पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला समोरून येणारा पिवळा चेंडू दिसणारच नाही. उघड्यावरचं कोर्ट लांबीला उत्तर-दक्षिण असावं, हा साधा नियम आहे आणि तो एजन्सीनं आपणहून पाळायला हवा होता. मी सांगितल्यावर त्यांनी कुरकुर न करता नकाशा फिरवला, जादा पैसे मागितले नाहीत. पण तुमच्या सोसायटीत सांगणारं कुणी नसेल तर? ही त्रुटी मी त्यांच्या नावावर मांडते.

त्याच नकाशातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. उतार लिहिलेला नव्हता. विचारलं तर म्हणाले, नेटपाशी उंच ठेवू आणि दोन्ही टोकांना पाणी काढू. रस्त्याला असा दोन्हीकडे उतार चालतो, कोर्टाला चालत नाही. नेटपाशी उंचवटा आला की दोघेही खेळाडू उताराच्या खालच्या टोकाला उभे राहतात, नेट खेळाडूला ठरलेल्या मापापेक्षा उंच पडतं आणि चेंडूचा टप्पा दोन्ही अंगांना वेगळा येतो. अख्खं कोर्ट एकाच सपाटीत, एकाच दिशेला कललेलं हवं. अमेरिकन स्पोर्ट्स बिल्डर्स असोसिएशनही हेच सांगते : एक टक्क्याच्या आसपास उतार, शक्यतो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. आमच्या ३४ फूट रुंदीला एक टक्का म्हणजे चार इंच. पूर्वेची कड पश्चिमेच्या कडेपेक्षा चार इंच उंच, बस्स. खेळताना पायाला तो कळत नाही, पाण्याला बरोबर कळतो.

हा हिशोब मी सभेत फळ्यावर मांडला होता. कोर्टाचं एकूण क्षेत्र २,१७६ चौरस फूट, म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका तासात या फरशीवर दहा हजार लिटर पाणी पडतं. एक अख्खा टँकर. ते कुठून जाणार, किती वेळात जाणार आणि शेवटी कुठे पोचणार, हे ज्या कोटेशनमध्ये नाही ते कोटेशन रंगाचं आहे, कोर्टाचं नाही. आमच्या अंतिम कंत्राटात मी तीन वाक्यं घालून घेतली : उतार एकाच दिशेला, शंभराला एक, पश्चिमेला पूर्ण लांबीची नाली आणि चेंबर, रंगाच्या आधी पाणी सोडून तपासणी, आणि ती पास झाल्याशिवाय रंगाचा हप्ता नाही. एजन्सीनं हे मान्य केलं. मान्य करणारी एजन्सी मला आवडते.

जागा मूळची शेतजमीन, वर काळी माती. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कितीही जाड स्लॅब घातला तरी ती त्याला वर-खाली खेळवणारच. इथे एजन्सीच्या साइट सुपरवायझरचं कौतुक केलं पाहिजे. कोटेशनमध्ये दीड फूट खोदाई धरली होती. दीड फुटावर अजून काळी मातीच लागली तेव्हा त्यानं काम थांबवलं, मला बोलावून खड्डा दाखवला आणि कठीण मुरूम लागेपर्यंत खाली गेला. जादा खोदाईचे पैसे आम्ही दिले आणि आनंदानं दिले. मग बाहेरून आणलेला मुरूम थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर, वर दगडी सोलिंग, त्याच्या फटी बारीक खडीनं भरलेल्या, वर पुन्हा रोलर. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद. हा कागद बरेच ठेकेदार गाळतात. तो नसेल तर जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर चढते, रंगाला खालून ढकलते आणि फुगे येतात.

काँक्रीट एम २५ या ताकदीचं, जाडी पाच इंच, आत लोखंडी जाळी. जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उचलून बसवली आहे ना, हे स्वतः वाकून बघा. जाळी कागदावर लोळत राहिली तर तिचा उपयोग शून्य, आणि कामगार तिच्यावरून चालतात तेव्हा ती लोळतेच. सुमारे २६ घनमीटर माल लागला, पाच गाड्या. पहाटे सुरुवात केली. नेटच्या रेघेखाली सांधा ठेवून दोन भाग केले, कारण काँक्रीटला कुठे तरी तडकायचंच असतं आणि ते नेटखाली तडकलं तर खेळाला त्रास नाही.

या कामावरचा मुकादम विजापूरकडचा, आयुष्य फरशा ओतण्यात गेलेला माणूस. मी लेव्हल, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, लावून दर पाच फुटांवर स्टाफ (उभी मोजपट्टी) ठेवत होते आणि तो नुसत्या डोळ्यानं सांगायचा, "मॅडम, हितं दोन सूत दाबाय पायजे." मी वाचन घ्यायचे, तर खरंच दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर असायचं. चेंबर बघून त्यानं सुपरवायझरला सांगितलं होतं, "तोंड आनि वाईच खाली घ्या सायेब. पाला आडाकला की पानी माघारी फिरतंय." सुपरवायझरनं नकाशाप्रमाणेच ठेवलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पृष्ठभागाला कडक झाडूनं ओढल्यासारखा खरखरीत फिनिश हवा. मशीननं घोटलेलं, आरशासारखं गुळगुळीत ट्रिमिक्स काँक्रीट बघायला छान दिसतं, पण ॲक्रिलिक रंगाला त्यावर पकड मिळत नाही. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : काँक्रीट पुरवणाऱ्याचा माणूस क्युरिंग कंपाउंड, म्हणजे काँक्रीटमधली ओल आत धरून ठेवणारा थर, फवारायला पंप घेऊन तयार होता. म्हणजे मग पाणी मारायची कटकट नाही. सुपरवायझरनं त्याला तिथल्या तिथे थांबवलं, कारण तो थर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. गोणपाट अंथरून, कडेनं आळी करून पाणीच ठेवलं. एवढ्या एका निर्णयासाठी मी एजन्सीच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी पोटात घालते.

मग वाट बघणं. २८ दिवस काँक्रीटला द्यावेच लागतात आणि या काळात सगळी सोसायटी तुमच्या मागे लागते. मुलं सायकली घेऊन फिरतात, कुणीतरी खडूनं स्टंप काढतं. दिवाळीनंतर खोदाई, डिसेंबरात काँक्रीट आणि जानेवारीच्या शेवटी रंग, हे वेळापत्रक एजन्सीनंच सुचवलं आणि ते अगदी योग्य होतं. एप्रिल-मेमध्ये फरशी इतकी तापते की रंग ओढता ओढताच सुकतो, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

पाण्याची तपासणी रंगाआधी केली. बोअरची पाइप लावून सगळी फरशी भिजवली, पाणी वाहू दिलं आणि तासभर थांबलो. ऊन होतं. नियम असा की एवढ्या वेळानं जिथे पाणी साचून राहील आणि त्याची खोली दीड मिलिमीटरपेक्षा जास्त भरेल, ती जागा भरून घ्यायची. मी रुपयाचं नाणं वापरलं, जाडीला ते जवळपास तेवढंच असतं. साचलेल्या पाण्यात नाणं आडवं ठेवायचं आणि डोळा जमिनीला लावून बघायचं. नाण्याची वरची बाजू कोरडी असेल तर सोडून द्या, तिच्यावरून पाण्याची कातडी सरकली तर खडूनं गोल करा. आमच्याकडे तीन जागा निघाल्या. दोन लहान, ताटाएवढ्या. तिसरी मात्र दक्षिणेच्या टोकाला, सर्व्हिस करताना पाय ठेवतात तिथेच, चांगली सतरंजीएवढी. सुपरवायझर म्हणाला, रंगाच्या थरात भरून निघेल. रंगाचे सगळे थर मिळून जाडी फार तर दोन-तीन मिलिमीटर, आणि ते खळग्यातही तेवढेच बसतात नि बाहेरही तेवढेच, मग भरून कसं निघेल? कंत्राटातलं वाक्य दाखवलं. दुसऱ्या दिवशी सिमेंट, बारीक वाळू आणि ॲक्रिलिक बाइंडर मिसळून खळगे भरले, सरळ पट्टी ओढली, कडा घासून एकसारख्या केल्या आणि पुन्हा पाणी सोडलं. नाणं कोरडं राहिलं.

रंग करणारी टोळी वेगळी आली आणि या सगळ्या कामातला सर्वांत देखणा भाग त्यांचा. आधी ॲसिडनं फरशी धुतली आणि स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन काढली. मग प्रायमर, मग वाळू मिसळलेला रिसरफेसर, म्हणजे रंगाखालचा पृष्ठभाग एकसारखा करणारा थर, दोनदा, मग रंगाचे तीन हात, त्यातही बारीक सिलिका वाळू. ही वाळूच पायाला पकड देते. ब्रश नाही, रोलर नाही. एक जण बादलीतून रंगाची सरळ धार ओततो आणि दोघे जण रुंद रबरी पट्ट्यांनी ती धार ओढत कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिला भिडला पाहिजे, नाहीतर जोड कायमचा दिसतो. हे सगळं सकाळी ऊन चढायच्या आत. टोळीचा प्रमुख दर थराआधी तळवा फरशीवर ठेवून बघायचा. एकदा ढग आले तेव्हा कालवलेला माल तसाच ठेवून त्यानं काम बंद केलं. पाऊस आला नाही, पण त्याचा निर्णय बरोबरच होता.

रेघांच्या दिवशी मी स्टीलचा टेप घेऊन गेले. चारी बाजू बरोबर असूनही कोर्ट वाकडं असू शकतं, म्हणून कर्ण मोजायचे. २० बाय ४४ चा कर्ण ४८ फूट ४ इंच यायला हवा आणि दोन्ही कर्ण सारखे. आमचे आले. किचन, म्हणजे जिथे उभं राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही ती नेटलगतची पट्टी, नेटपासून दोन्हीकडे सात फूट, आणि हे सात फूट रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचे, कारण रेघ किचनमध्येच धरली जाते. रेघा दोन इंची. टेप चिकटवून लगेच पांढरा रंग मारला तर तो टेपखाली शिरतो आणि कड फाटते. या लोकांनी आधी टेपच्या कडेवर पातळ थर देऊन फट बंद केली, मग पांढरा मारला. आजही रेघ सुरीनं कापल्यासारखी आहे.

नेटचे खांब एजन्सी फरशीवर प्लेट ठेवून बोल्टनं आवळणार होती. आम्ही काँक्रीटमध्येच पाइप गाडून घेतले, आतून आत २२ फूट अंतरावर. नेट कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. मधली उंची पट्ट्यानं खेचून ठेवावी लागते, तर त्या पट्ट्याचा हूकही फरशीत आधीच बसवून घ्या. नंतर ड्रिल करायला लावलंत तर नव्या रंगाला भोक पडतं. खांबांचा दर्जा मात्र निराशाजनक. सप्टेंबरपर्यंत दोन्ही खांब बुडाशी तांबूस झाले. कोटेशनमध्ये गॅल्व्हनाइज्ड लिहिलं होतं आणि आले ते नुसते पावडर कोटिंगचे.

कुंपण दहा फुटी जाळीचं, सगळ्या बाजूंनी १९६ फूट. दिव्यांचे खांब बाजूच्या रेघांच्या बाहेर घेतले, मागच्या टोकांना नाही, म्हणजे उंच उडालेल्या चेंडूकडे बघताना प्रकाश डोळ्यात जात नाही. वायरींसाठी पाइप स्लॅबच्या आधी टाकले होते. या भागाबद्दल तक्रार नाही.

आवाजाबद्दल मात्र एजन्सीनं चकार शब्द काढला नाही, आणि हे मला खटकलं. कडक पॅडलवर कडक प्लास्टिकचा चेंडू, त्याचा टकटक आवाज टेनिसपेक्षा खूप टोचरा असतो आणि तो सतत चालू राहतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे, पण त्याहीपेक्षा शेजारधर्म मोठा. आम्ही कोर्ट रस्त्याकडच्या कोपऱ्यात, इमारतींपासून शक्य तेवढं लांब घेतलं. सकाळी सातच्या आधी नाही, दुपारी एक ते चार बंद, रात्री नऊला दिवे बंद. सर्वांत जवळच्या बाल्कनीत राहणाऱ्या आजी-आजोबांना वेळापत्रक ठरवतानाच बोलावलं होतं. ज्यांच्या कानावर ते पडणार त्यांना आधी विचारायला हवं.

एजन्सीनं भेट दिलेल्या किटमधले चेंडू २६ भोकांचे होते. ते हॉलमधल्या खेळासाठी. उघड्यावर ४० बारीक भोकांचा, थोडा जास्त कडक चेंडू लागतो, कारण वाऱ्यात तो कमी भरकटतो. आमच्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, त्यात किटमधल्या चेंडूनं खेळणं अशक्य होतं.

आता पावसाळा. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा मी छत्री घेऊन कोर्टाच्या कडेला उभी होते. पाणी पूर्वेकडून एकसारखी चादर होऊन सरकत होतं आणि पश्चिमेच्या नालीत उतरत होतं. कुठे घुटमळत नव्हतं. पाऊस थांबल्यावर रबरी वायपर फिरवला की अर्ध्या तासात खेळायला जागा तयार व्हायची, जुलैतसुद्धा, मध्ये उघडीप मिळाली तर. ज्या सोसायट्यांची कोर्टं ऑक्टोबरपर्यंत बंद राहतात त्यांनी हे बघायला यावं.

जुलैतच मुकादमाचं बोलणं खरं झालं. गुलमोहराचा पाला नालीतून वाहत येऊन चेंबरच्या तोंडाशी बसला आणि पाणी माघारी फिरून पश्चिमेच्या रेघेपर्यंत आलं. त्याच तुंबलेल्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये रंगाला तळहाताएवढे दोन फुगे आले. मी फोटो पाठवले. "येतो मॅडम" असं उत्तर आलं. मग शांतता. पुन्हा फोटो, पुन्हा "माणूस पाठवतो". माणूस आला गणपती विसर्जनानंतर. विक्रीच्या वेळी दिवसातून चार फोन करणाऱ्या लोकांनी तक्रारीला एवढा उशीर लावणं बरोबर नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. हमीच्या कागदावरही पाच वर्षं मोठ्या अक्षरात आणि "भेगांवर हमी नाही" बारीक अक्षरात, तर ती ओळ सही करण्याआधी वाचा. दुरुस्ती मात्र नीट केली. फुगे कापून काढले, फरशी सुकवली, थर पुन्हा दिले. रंगाचा फरक शोधावा लागतो. चेंबरचं तोंडही त्यांच्या खर्चानं खाली घेतलं आणि पाला अडवायला वर काढता येणारी जाळी बसवली. झाडाच्या सावलीत थोडं शेवाळ धरतं, ते मऊ ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्यानं निघतं. तारेचा ब्रश आमच्या वॉचमनकडून मी काढूनच घेतलाय.

एकूण खर्च जीएसटीसह साडेदहा लाखांच्या आत बसला. त्यातला रंगाचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी आहे. खोदाई, मुरूम, सोलिंग, काँक्रीट आणि नाली यांनाच सगळ्यांत जास्त पैसे लागले, आणि तिथे काटकसर सुचवणाऱ्या सभासदांना मी दर वेळी नाही म्हटलं.

बिलातले दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवले होते. गेल्या आठवड्यात पश्चिमेच्या कडेला पुन्हा लेव्हल लावून बघितली. चार इंचांचा फरक जागच्या जागी आहे, स्लॅब कुठे बसलेला नाही. त्या संध्याकाळी नेटच्या दोन खांबांपुरती रक्कम मागे ठेवून बाकीचा चेक दिला. गॅल्व्हनाइज्ड खांब दिवाळीच्या आत बदलून देतो असं सुपरवायझरनं लेटरहेडवर, तारीख घालून लिहून दिलं आहे.